भिंती आपल्या, शिव्या कंपनीला

नगरमध्ये घर बांधणारा माणूस वर्षभर कशाकशाच्या मागे पळतो ते एकदा बघा. टाइल्ससाठी चार शहरांतली दुकानं पालथी घालतो. देवघर ईशान्येला, स्वयंपाकघर आग्नेयेला, जिना नैर्ऋत्येला यावा म्हणून वास्तुवाल्याला पाकीट देतो. हॉलच्या छताला पीओपीची नक्षी, नक्षीत दिवे, दिव्यांना रिमोट. गेटच्या खांबांवर दोन सिंह. सगळं झाल्यावर त्याला विचारा, "दादा, इंटरनेटची वायर कुठून कुठं नेलीय?" दादा हसतात. "अहो, वायरलेसचा जमाना आहे. वायर कशाला?"

वास्तुशांतीनंतर महिनाभरात हेच दादा मागच्या बेडरूमच्या खिडकीत मोबाइल उंच धरून उभे असतात आणि इंटरनेट कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असतात.

या उद्धारात मला सूर मिसळायचा नाही. कंपन्या धुतल्या तांदळासारख्या आहेत असं माझं म्हणणं नाही, त्यांचा समाचार पुढं घेतोच आहे. पण माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि त्यामुळं नात्यागोत्यातला, ओळखीपाळखीतला प्रत्येक वायफायचा डबा बघायला मलाच धाडलं जातं. सावेडी, केडगाव, भिंगार, बोल्हेगाव, कुठंही जा. ज्या घरात "नेट चालत नाही" म्हणून बोलावतात, त्यातल्या बहुतेक घरांत नेट दारापर्यंत ठणठणीत आलेलं असतं. ते मरतं दाराच्या आत, आणि मारणारे घरचेच असतात.

पाइपलाइन रोडवरचा एक बंगला सांगतो. मालक निवृत्त मुख्याध्यापक. प्लॅन 100 एमबीपीएसचा आणि तक्रार अशी, की कंपनी चोर आहे. मी विचारलं, "सर, डबा कुठंय?" सरांनी पुढच्या दाराआडचं चपलांचं लोखंडी कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात, पॉलिशच्या डबीशेजारी, जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला राउटर. अभ्रा कशाला, तर धूळ बसू नये. कपाटात कशाला, तर आल्यागेल्याला दिसू नये. आणि दाराआडच का, तर "त्या पोराची वायर तिथपर्यंतच पुरली." कपाट उघडून, शेजारी उभं राहून मोबाइलवर स्पीड मोजला, 94 आला. कपाट लावून जिन्याच्या पायरीवर मोजला, 11. वरच्या मागच्या खोलीत सूनबाई पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतात. तिथं आकडा यायलाच वेळ लागला, आणि आला तो 2 च्या आत.

"हिला किती वेळा सांगितलं, हॉलमध्ये बसून काम कर," सर म्हणाले.

"हॉलमध्ये दिवसभर तुमच्या बातम्या चालू असतात, बाबा," जिन्यावरून उत्तर आलं.

भारत सरकारच्या व्याख्येत 2 एमबीपीएसपेक्षा कमी वेग असेल तर त्याला ब्रॉडबँड म्हणत नाहीत. जानेवारी 2023 मध्ये ही मर्यादा 512 केबीपीएसवरून वाढवली गेली. म्हणजे सरांच्या बंगल्यात तळमजल्यावर ब्रॉडबँड होतं आणि वरच्या मजल्यावर सरकारी हिशेबानं नव्हतं. पैसे मात्र दोन्ही मजल्यांचे जात होते.

त्या दिवशी मी केलं काय? अभ्रा काढला, कपाटातून डबा बाहेर घेतला आणि फायबरची वायर हलवायला सांगून जिन्याच्या मधल्या टप्प्यावर, डोक्याइतक्या उंचीवर तो भिंतीला टांगला. सूनबाईंचा आकडा 30 च्या वर गेला. सर खूश झाले नाहीत. "जिन्यात कसं दिसतं ते," म्हणाले. चार दिवसांनी डबा पुन्हा खाली आला. या वेळी टीव्हीच्या मागं.

डब्याची जागा कोण ठरवतं हे बघितलं की घरात कोणाची चलती आहे ते कळतं. जुन्या काळी टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. फोन आला की तो हॉलमध्ये, तिपाईवर, क्रोशाच्या झाकणाखाली विराजमान व्हायचा. फोन गेला, तिपाई राहिली, काही घरांत झाकणसुद्धा राहिलं, आणि त्या गादीवर राउटर बसला. हॉलमध्ये नेट लागतं कोणाला? आजोबांना कीर्तनं बघायला आणि पाहुण्यांना लग्नाचे फोटो दाखवायला. ज्यांना खरोखर लागतं ती माणसं मागच्या खोल्यांत असतात. एमपीएससीचा अभ्यास करणारी मुलगी, घरून काम करणारी सून, नर्सिंगची परीक्षा देणारी पुतणी. 2020 च्या मार्चनंतर शाळा मोबाइलवर आल्या, तेव्हा मुलाचा क्लास हॉलच्या सोफ्यावर आणि मुलीचा गच्चीच्या जिन्यात, हे चित्र मी किती घरांत बघितलं! त्यावर कोणी एक शब्द बोलत नव्हतं. मुलगी जिन्यात बसते कारण "तिथं रेंज येते". रेंज तिथं येते कारण डबा हॉलमध्ये आहे, आणि डबा हॉलमध्ये आहे कारण तिला कोणी विचारलं नाही. अभ्यास करणाऱ्या पोरीच्या खोलीत डबा ठेवायला कोणता ग्रह आडवा येतो, ते एखाद्या वास्तुवाल्यानं मला समजावून सांगावं.

आता डब्याकडं वळू. राउटरच्या अँटेनातून बाहेर पडणारी ताकद साधारण एक दशांश वॅट असते. देवघरात आपण झिरोचा बल्ब लावायचो ना, तो 15 वॅटचा असायचा. त्याच्या दीडशेव्या हिश्श्यावर आपण तीन मजली घराचा संसार टाकलेला आहे. त्यात अंतर दुप्पट झालं की ताकद चौथाईवर येते, तीही मोकळ्या मैदानात. घरात मैदान कुठलं? नऊ इंची विटांची भिंत, मग बाथरूमच्या टाइल्स, मग पाण्यानं भरलेली टाकी, वर सळईची जाळी घातलेला स्लॅब. लोखंड आणि आरसा लहरी परतवून लावतात, पाणी त्या गिळतं. स्वयंपाकघरातली स्टीलची मांडणी आठवा. ताटं, पातेली, डब्यांच्या तीन ओळी. तिच्या पाठीमागं डबा ठेवणाऱ्यानं मधे धातूची एक भिंत आपल्या हातानं उभी केलेली असते. बेडरूममधलं लोखंडी कपाट तेच करतं. त्याच्या दारावर आरसा असतो, म्हणजे अडथळा दुहेरी.

नगर जिल्ह्यातल्या जुन्या घरांची गोष्टच वेगळी. संगमनेर, पाथर्डी, शेवगावकडच्या वाड्यांच्या भिंती काळ्या दगडाच्या, दोन-दोन हात रुंद. वर माळवद. कड्या-पाट्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात एसी लागत नाही म्हणून ज्या घराचं कौतुक करायचं, तेच घर वायफायचं थडगं असतं. पावसाळ्यात माळवद ओलं झालं की वरच्या खोलीतली उरलीसुरली दांडीही जाते. असल्या घरात एका डब्यानं भागेल अशी आशा धरणाऱ्याला मी हात जोडतो. नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती आपल्याच जिल्ह्यात. त्या ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली, अशी कथा आहे. आपल्यात ती ताकद नाही. आपण निदान डबा हलवावा, तर तेवढंही होत नाही.

एक सुशिक्षित गृहस्थ मला म्हणाले, "लहरी भिंतीतून जातात हो, जगदीशचंद्र बोसांनी दाखवलंय." दाखवलंय, 1895 मध्ये, कोलकात्यात. लहरी भिंतीपार धाडून त्यांनी घंटा वाजवली. पण घंटा वाजायला एक खूण पुरते. तुमच्या नातवाच्या व्हिडिओ कॉलला सेकंदाला लाखो खुणा लागतात, आणि त्यांतल्या निम्म्या भिंतीत अडकल्या की पडद्यावर गोल फिरत राहतं.

दुकानदार या अज्ञानावर जगतात. मीही दुकानदार आहे, त्यामुळं आतली गोष्ट सांगतो. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "जास्त अँटेनावाला द्या." आठ शिंगांचा, लाल-काळा, लढाऊ विमानासारखा राउटर ते उराशी धरून घेऊन जातं. आपल्याकडं वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी 2005 पासून परवान्याशिवाय वापरता येतात, पण ताकदीवर सरकारनं मर्यादा घातलेली आहे. शिंगं कितीही असोत, मर्यादा तीच. शिवाय संभाषण दोन बाजूंनी चालतं. राउटरची लहर मोबाइलपर्यंत पोचली तरी मोबाइलची लहर राउटरपर्यंत परत पोचायला हवी, आणि मोबाइलची ताकद राउटरहूनही कमी. म्हणून मोबाइलवर दांड्या पूर्ण दिसतात आणि व्हॉट्सअपवरचा फोटो जाता जात नाही. आठ शिंगांनी काही ठिकाणी थोडा फरक पडतो, नाही असं नाही. पण तो फरक चार हजार रुपयांचा नसतो.

शिंगांनी जमलं नाही की रिपीटर. हा छोटा डबा प्लगमध्ये खोचायचा, तो राउटरचं ऐकतो आणि तेच पुढं बोलतो. साध्या रिपीटरला ऐकणं आणि बोलणं एकाच लहरीवर करावं लागतं, त्यामुळं वेग जवळजवळ निम्मा होतो. तेही चाललं असतं. पण लोक तो लावतात कुठं? जिथं रेंज नाही तिथंच! मागच्या बेडरूममध्ये, पलंगाच्या मागं. जिथं मुळात काही पोचत नाही तिथून तो पुढं पाठवणार काय? मोबाइलवर मात्र चार दांड्या झळकतात, कारण त्या दांड्या रिपीटरच्या असतात, इंटरनेटच्या नसतात. गिऱ्हाईक दोन दिवस सुखात असतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा कंपनीच्या सात पिढ्या.

आता कंपन्यांकडं येऊ, कारण त्यांनाही मोकळं सोडायचं नाही. कनेक्शन जोडायला येणाऱ्या पोराला दिवसात ठरावीक घरं उरकायची असतात. तो सगळ्यांत जवळच्या भिंतीला भोक पाडतो, सगळ्यांत जवळच्या प्लगशेजारी डबा ठोकतो, स्पीड डब्यापाशीच उभं राहून दाखवतो आणि "काका, पाच स्टार द्या" म्हणून पुढच्या घरी जातो. फायबरची वायर खिळ्याला काटकोनात वळवून ठेवतो. काचेच्या तंतूला असं मोडलं की त्यातला प्रकाश गळतो. प्रकाश मोजायच्या मीटरवर आकडा उणे 27 च्या आसपास घसरला की डब्यावर लाल लाईट लुकलुकायला लागते, आणि मग ती का लागली हे शोधायला त्याच पोराची आठवडाभर वाट बघायची. माझ्या स्वतःच्या घरी एका कंपनीनं दिलेला डबा फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालणारा होता आणि प्लॅन विकला होता 150 चा. गजबजलेल्या वस्तीत असा डबा 40 च्या पुढं क्वचितच जातो. हे कंपनीला ठाऊक असतं, विकणाऱ्याला ठाऊक असतं, फक्त पैसे भरणाऱ्याला नसतं. फोन केला की पलीकडून हिंदीत गोड आवाज येतो, "सर, हमारी तरफ से तो सिग्नल ठीक आ रहा है." त्यांच्या बाजूनं ठीकच असतं. त्यांची बाजू दारापाशी संपते.

आणि त्यावर त्यांचा उपाय? मोठा प्लॅन घ्या. 100 ऐवजी 300. हा या धंद्यातला सगळ्यांत बेरकी प्रकार. मागच्या खोलीत 2 येत असताना दारापाशी 100 चे 300 केले, तर मागच्या खोलीत काय होणार? 2 च राहणार. आणि घराला लागतं तरी किती? नेटफ्लिक्स स्वतः सांगतं की फोर-केच्या चित्रासाठी 15 एमबीपीएस पुरतात, फुल एचडीसाठी 5. घरात चौघांनी चार पडद्यांवर एका वेळी फुल एचडी सिनेमे बघितले तरी 20 झाले. 40 चा प्लॅन सगळ्या खोल्यांत नीट पोचला तर नगरमधल्या बहुतेक कुटुंबांना वर्षानुवर्षं पुरेल. त्यातही एक मेख आहे. कित्येक स्वस्त राउटरच्या आणि रिपीटरच्या वायरीच्या पोर्टला 100 चीच मर्यादा असते. 300 चे पैसे भरून घरात 94 घेणारे महाभाग मला आठवड्याला भेटतात.

5जीचा घोळ तर विचारूच नका. राउटरच्या नावापुढं 5जी लिहिलेलं दिसलं की माणसं म्हणतात, "माझं तर 5जी आहे, तरी कसं चालत नाही?" ते 5 गिगाहर्ट्झ. मोबाइलच्या 5जीशी त्याचं काही नातं नाही. ते जवळ वेगवान असतं आणि भिंतीपुढं लवकर गळपटतं. लांबच्या खोलीत 2.4 बरं पडतं, पण सावेडीतल्या एखाद्या सोसायटीत मोबाइल उघडून बघा, शेजाऱ्यांच्या वायफायची नावं खाली सरकवता सरकवता अंगठा दुखतो. 2.4 मध्ये एकमेकांत न घुसणारी चॅनेल तीनच, 1, 6 आणि 11. तिथं वीस घरं एकाच वेळी बोलतात. त्यात कोपऱ्यातल्या खोलीतला जुना, मंद मोबाइल धडपडत राहिला की तो हवेतला वेळ खातो आणि बाकीचे सगळे रखडतात. म्हणजे मागच्या खोलीतल्या सुनेचं नेट नीट केलं तर हॉलमधल्या सासऱ्यांचंही सुधारतं. हे सरांना मी सांगितलं होतं. ते बातम्या बघत होते.

बिल्डर आणि काँट्रॅक्टर या गोष्टीत कुठं दिसत नाहीत, कारण त्यांना कोणी विचारतच नाही. टू-बीएचके विकताना स्विमिंग पूल, जिम, गणपती मंदिर, सगळं छापतात. "प्रत्येक खोलीत डेटा पॉइंट" हे मी नगरच्या माहितीपत्रकात अजून वाचलेलं नाही. दूरसंचार नियामक ट्रायनं ऑक्टोबर 2024 मध्ये इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीवरून तारे देण्याचे नियम काढले. इमारतीत फायबरची सोय आहे का, आत मोबाइल आणि वायफाय कसं चालतं, यावरून मानांकन. चांगली गोष्ट, पण ऐच्छिक. बिल्डरला हवं असेल तर घ्यायचं, आणि फ्लॅट बघायला आलेलं गिऱ्हाईक जोवर किचनचा ओटा काळा की हिरवा यावरच अडतं, तोवर त्याला ते का हवं असेल? त्याच 2024 साली आपल्या जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. पाट्या रंगल्या, लेटरहेडं बदलली, श्रेय घेणाऱ्यांचे फ्लेक्स लागले. जामखेड तालुक्यातल्या चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाईंनी देशभर घाट, विहिरी, बारवा, धर्मशाळा बांधल्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांची सोय आधी बघितली. त्यांचं नाव मिरवणाऱ्या जिल्ह्यात आम्हाला स्वतःच्या घरात एक नळी टाकायचं सुचत नाही.

वस्तीवर गेलं की प्रश्नाचं तोंड बदलतं. आपल्याकडं शेतकरी गावठाणात कमी, वस्तीवर जास्त. राहात्याला, श्रीरामपूरला, संगमनेरला घर एकीकडं, गोठा दुसरीकडं, विहिरीवरची मोटर तिसरीकडं. गावापर्यंत फायबर आणायची सरकारी योजना 2011 मध्ये मंजूर झाली, पुढं तिचं नाव भारतनेट झालं. पण वस्ती ग्रामपंचायतीच्या ऑफिसात राहत नाही. 2023 च्या सप्टेंबरमध्ये जिओनं एअरफायबर आणलं, त्याच्या आधी महिनाभर एअरटेलनं. छतावर डबा आणि आत राउटर. काही वस्त्यांना त्याचा खरोखर उपयोग झाला, हे मान्य करतो. पण छतावरून आत आलेलं नेट गोठ्यापर्यंत कसं जाणार? आणि गोठ्यावर नेट हवंच, कारण बिबट्या.

ही नगरी अडचण पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगून पटत नाही. आपल्या अकोले तालुक्याच्या शेतशिवारात माणसांच्या शेजारी बिबटे राहतात, हे विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून दाखवलं, 2013 मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आता गोठ्यावर कॅमेरा लावणं हा चैनीचा प्रकार उरलेला नाही. माणूस घरातल्या वायफायवर तो कॅमेरा जोडतो. जून-जुलैत झकास चालतो. मग मधल्या रानातला आडसाली ऊस वाढत जातो, डोक्याच्या वर जातो, दहा फूट, बारा फूट. उसाच्या प्रत्येक पानात पाणी आहे. लहरी त्यात विरतात. कॅमेरा आधी अडखळतो, मग बंद पडतो, आणि कारखान्याची तोड आली की आपोआप सुरू होतो. म्हणजे ऊस दाट असताना, बिबट्या त्यात दडलेला असताना, कॅमेरा आंधळा. तोड झाली, बिबट्या दुसऱ्या फडात गेला, की कॅमेऱ्याला लख्ख दिसायला लागतं! शेतकरी म्हणतो, "कॅमेरा डुप्लिकेट निघाला." कॅमेरा चांगला होता, भाऊ. मधे ऊस होता.

इथं उपाय अवघड नाही. दोन्ही टोकांना उसाच्या वर जाईल असा लोखंडी पाइप उभा करून समोरासमोर बघणारे दोन बाहेरचे डबे लावायचे, किंवा जमिनीखालून फायबर न्यायचा. तांब्याच्या नेटवर्क वायरीची मर्यादा 100 मीटर, म्हणजे साधारण 330 फूट. त्यापुढं फायबरच. आणि दोन इमारतींमध्ये तांबं टाकूच नका. वळवाच्या पावसात वीज जवळपास जरी पडली तरी झटका त्या वायरीतून येतो आणि दोन्हीकडची यंत्रं जळतात. दर मे-जूनमध्ये जळलेल्या पोर्टची रास माझ्या टेबलावर असते. फायबरच्या काचेतून वीज वाहत नाही. चार एकरांत ठिबकच्या नळ्या अंथरणाऱ्याला एक वायर पुरायला काय जड आहे? प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा करून दाखवणाऱ्या जिल्ह्यातला माणूस स्वतःच्या गोठ्यापर्यंत वायर नेत नाही आणि चहाच्या टपरीवर 6जीच्या गप्पा मारतो.

लाईट गेली की काय होतं, तेही बघा. वायरमन इन्व्हर्टरवर पंखे घेतो, ट्यूब घेतो, टीव्ही तर घेतोच. राउटरचा प्लग राहतो. लाईट पाच सेकंद जाते आणि डबा पुन्हा उठायला दोन-तीन मिनिटं घेतो. तेवढ्यात सूनबाईंची मीटिंग संपते. 12 व्होल्टचा छोटा यूपीएस हजार-दीड हजारात येतो. लग्नात आहेरावर त्याहून जास्त जातात.

तर वायर. वायरलेसच्या सगळ्या रडगाण्यावर उतारा वायरीचाच आहे, आणि हेच ऐकायला कोणी तयार नसतं. प्रत्येक मजल्यावर एक छोटा डबा, ज्याला ॲक्सेस पॉइंट म्हणतात, आणि खालच्या मुख्य डब्यापासून त्याच्यापर्यंत कॅट-6 वायर. नाव आणि पासवर्ड सगळीकडं एकच. मग वरच्या खोलीतला मोबाइल वरच्या डब्याशी बोलतो, आणि मधला स्लॅब वायरीनं ओलांडलेला असतो. मेशचे, म्हणजे आपापसांत बोलणारे, तीन डबे पंधरा-वीस हजाराला घेऊन येतात लोक. तेही चांगले असतात, पण वायरीशिवाय लावले तर त्यांनाही त्याच भिंतीतून ओरडावं लागतं. वायरीला मीटरमागं 20-30 रुपये पडतात. फक्त ती शुद्ध तांब्याची मागा. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली भरपूर आहे, आणि ती विकणारा तुम्हाला "सेमच आहे" म्हणणार. दोन मजल्यांच्या घराला वायर, डबे, मजुरी धरून जो खर्च येतो, तो गेटवरच्या सिंहांच्या जोडीपेक्षा कमी असतो. हा हिशेब मी प्रत्येक मालकासमोर मांडतो. सिंह राहतात, वायर रद्द होते.

बांधून झालेल्या घरात झिऱ्या मारायला लोक कचरतात, ते समजतं. नव्या रंगावर कोण हातोडा घालणार? पण डिश टीव्हीची वायर बाहेरून, खिडकीच्या चौकटीतून, केसिंग-पट्टीतून ज्या घरात फिरते, त्याच घरात नेटची वायर "दिसायला वाईट" कशी होते? ज्यांना तेवढंही नको, त्यांनी फुकटातलं तरी करावं. डबा कपाटातून बाहेर काढा, टीव्हीच्या मागून हलवा, घराच्या मध्याकडं आणा, उंच ठेवा, वरचं फडकं काढा. कंपनीच्या पोराला भोक पाडण्यापूर्वी घरभर फिरवा आणि घरात सगळ्यांत जास्त काम कोण, कुठल्या खोलीत करतं, ते त्याला सांगा. तो कुरकुरेल. कुरकुरू द्या. महिन्याला पैसे तुम्ही भरता.

आणि ज्यांच्या घराचा स्लॅब अजून पडायचा आहे, त्यांच्याशी मला खास बोलायचंय. सेंट्रिंग लागलं असेल, सळई बांधून झाली असेल, तर आजच वायरमनला सांगा की लाइटच्या पाइपांपासून वेगळा, एक इंची पाइप प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक बेडरूमपर्यंत टाक. आत वायर नंतर ओढता येते, पाइप नंतर टाकता येत नाही. तो म्हणेल, "साहेब, आता सगळं वायफायवर चालतं." त्याचं ऐकू नका. काँक्रीटची गाडी दारात यायच्या आत त्याला फोन करा, आणि घरात रेंज नसेल तर गच्चीवर जाऊन करा.